बोडक्याला वळसा

"फिरून परत तिथंच यायचं असेल, तर निघायचं कशाला?"

हा प्रश्न प्रज्ञाबाईंनी पोह्यांवर शेव पेरता पेरता विचारला आणि प्रशील बैसाणे यांच्या हातातला मोबाईल आपोआप खाली आला. मोबाईलवर परदेशातलं कुठलंसं खेडं होतं. त्या खेड्यातून एक म्हातारं जोडपं निघत होतं, हिरव्यागार टेकडीवर चढत होतं, वर बसून डब्यातलं काहीतरी खात होतं आणि दुसऱ्या बाजूने उतरून पुन्हा त्याच खेड्यात, त्याच चौकात येऊन पोचत होतं. वाटेत लाकडी बाण होते. त्या बाणांवर कोणी पिचकारी मारलेली नव्हती, की कोणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा चिकटवलेल्या नव्हत्या. बैसाणे सकाळपासून तेच बघत होते.

"तुला कळणार नाही," ते म्हणाले. "याला वर्तुळाकार पदभ्रमण म्हणतात."

"आम्ही याला चक्कर म्हणतो. ती तुम्ही बागेत रोज मारताच."

बागेचा विषय प्रज्ञाबाईंनी काढायला नको होता. रक्तातल्या साखरेमुळे डॉक्टरांनी बैसाण्यांना चालायला सांगितलं होतं आणि धुळ्यात त्यांच्या कॉलनीजवळच्या बागेत चालायचं म्हणजे प्रभात मंडळाबरोबर चालायचं. या मंडळात सगळे निवृत्त लोक होते. ते एकाच दिशेने चालत आणि महागाई भत्ता व गुडघे या दोनच विषयांवर बोलत. एकदा बैसाण्यांनी नुसता बदल म्हणून उलट दिशेने चालायला सुरुवात केली, तेव्हा मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त मुख्याध्यापक ललित वाणी, यांनी त्यांना सर्वांसमोर थांबवून "हे शिस्तीला धरून नाही" असं सांगितलं. बैसाणे त्या दिवसापासून मनातून मंडळाबाहेर पडले होते. पाय मात्र मंडळातच होते, कारण बाग एकच होती.

आता त्यांना मार्ग दिसला. त्यांचं गाव सोनझिरे, दोंडाईच्याच्या पुढे. गावाला लागून एक टेकडी. टेकडीवर चार खैर, थोड्या बोरी आणि निवडुंग सोडलं तर काही नाही, म्हणून गाव तिला बोडक्या म्हणतं. गावातून निघायचं, बोडक्यावर चढायचं, पलीकडून उतरून वळसा घालून गावात यायचं. युरोपात आणि सोनझिऱ्यात फरक होता तो फक्त बाणांचा.

बैसाणे एका सरकारी खात्यात आरेखक होते. त्यांच्या पेन्सिलीखालून कालवे गेले, रस्ते गेले, धरणाच्या भिंती गेल्या. त्यातलं प्रत्यक्षात काय काय झालं याची चौकशी करायची त्यांना सवय नव्हती, ते काम दुसऱ्या टेबलाचं होतं. त्यांनी कपाटातून ट्रेसिंग पेपर काढला, परकार काढला आणि बोडक्याभोवती एक देखणं वर्तुळ काढलं. टेकडीचा आकार तसा लांबट, ढेंगा पसरून बसलेल्या म्हशीसारखा होता. पण कागदावर म्हैस गोल बसली.

रविवारी दोघं सोनझिऱ्याला गेली. बैसाण्यांनी जाड तळाचे बूट घातले होते, डोक्याला कडांची टोपी होती आणि हातात दुर्बीण. प्रज्ञाबाईंनी रोजची चप्पल घातली होती आणि हातात भाकरीचा डबा होता.

गावाच्या कडेला झुलाल आबांचा गोठा लागतो. झुलाल आबा म्हणजे बोडक्याच्या पायथ्याशी ज्यांची जमीन आहे असे सोनझिऱ्यातले जुने शेतकरी. ते खाटेवर बसून बैलाकडे बघत होते, ते आता बैसाण्यांकडे बघायला लागले.

"कथा चालनात, भाऊ?"

"डोंगरावर, आबा."

"तठे काय शे?"

"काही नाही. फिरून परत येणार."

"आठेच?"

"इथंच."

झुलाल आबांनी थोडा विचार केला. "मंग बसा ना आठेच," ते म्हणाले आणि खाटेवर सरकून त्यांनी जागा करून दिली.

ही आपुलकी बैसाण्यांना झोंबली. त्यांनी आबांना चालण्याचे फायदे सांगितले. हृदय, साखर, निसर्गाशी संवाद. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि सरकारी खात्यात जन्म काढलेला माणूस दुर्बीण घेऊन निसर्गाशी संवाद करायला येतो, यातून जो अर्थ निघतो तो काढला. बैसाणे वळणाआड होईपर्यंत ते थांबले आणि मग उठून शेजारच्या गोठ्यात गेले.

चढण सोपी होती. तरी बैसाण्यांनी वाटेत दोन-चार ठिकाणी "दृश्य बघण्यासाठी" बसून घेतलं. माथ्यावर वारा होता. खाली पिवळी पडलेली शेतं, लांबवर पवनचक्क्या, आणि मधेच सूर्यप्रकाशात चमकणारे पलीकडच्या डांगरखेडे गावातल्या शाळेचे पत्रे. दोघांनी भाकरी खाल्ली. बैसाण्यांनी नकाशा उघडून पलीकडच्या उताराकडे पाहिलं. तिकडे निवडुंग दाट होतं आणि ऊन तापलं होतं.

"आज आलो त्याच वाटेने जाऊ," ते म्हणाले. "उतरण्याची बाजू तशी सोपीच असते. पुढच्या वेळी बघता येईल."

"म्हणजे वर्तुळ अर्धंच झालं," प्रज्ञाबाई म्हणाल्या.

"अर्धं झालं की बाकीचं कळतं. वर्तुळाचा हाच तर फायदा असतो."

खाली आले तेव्हा गाव बदललेलं होतं. बैसाण्यांच्या काकू, द्रौपदाबाई, वस्तीतल्या आपल्या घराच्या ओट्यावर चिंतेत बसल्या होत्या. त्यांनी पुतण्याला हाताला धरून आत नेलं आणि दार लोटलं.

"खरं सांग, पोऱ्या. तुन्हं काय हारपनं तठे?"

"काही हरवलेलं नाही, काकू. नुसतं फिरायला गेलो होतो."

"माले बी नही सांगाव?" द्रौपदाबाईंचा आवाज दुखावलेला होता. "बठ्ठा गाव म्हनस, मोजनी व्हई ऱ्हायनी."

मोजणी. गावाने ठरवून टाकलं होतं की बोडक्यावर सौर प्रकल्प येतोय, जमिनी जाणार आहेत, आणि बैसाण्यांचा प्रशील गुपचूप सीमा बघायला आला आहे. बैसाण्यांनी पुढल्या रविवारी जाऊन घरोघर खुलासा केला. त्यांनी जितकं शपथेवर नाही म्हटलं, तितकी गावाची खात्री पटली. सरकारी माणूस इतक्या वेळा नाही म्हणतो, म्हणजे काम फार वरच्या पातळीवर गेलेलं असणार. ज्या बांधावर बापजाद्यांनी कधी बाभळ लावली नाही, तिथे आठवड्याभरात आंब्याची रोपं उभी राहिली, कारण झाडं असलेल्या जमिनीला मोबदला जास्त मिळतो हे सोनझिऱ्यातल्या शेळीलाही माहीत होतं. रोपं शेळ्यांपासून वाचवायला काट्याचं कुंपण आलं, आणि बैसाण्यांच्या कागदावरचं वर्तुळ त्या कुंपणात जाऊन अडकलं.

या सगळ्यात एकाच माणसाचा बैसाण्यांवर विश्वास बसला, तो म्हणजे सरपंच रुपचंद पाटलांचा. खरं तर सरपंच त्यांच्या पत्नी इंदिराबाई होत्या. पण इंदिराबाई सही करत आणि रुपचंद सरपंच असत, अशी दोघांत वाटणी होती. पाटलांनी बैसाण्यांना पारावर बोलावलं, स्वतः उठून खुर्ची दिली आणि चहा मागवला.

इथे बैसाण्यांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढे ते जे वागले त्यावरून वाचक त्यांना निव्वळ मूर्ख समजेल. त्या पारावर त्यांच्या वडिलांना कोणी कधी बस म्हटलं नव्हतं. वडील पाराशी आले की खाली उभे राहून बोलत आणि निघून जात. लहानपणी बैसाणे त्यांच्या मागे उभे असत. आता त्याच पारावर ते खुर्चीत बसले होते आणि पाटलांचा माणूस विचारत होता, साखर कमी की बिनसाखरेचा.

"भाऊसाहेब," पाटील म्हणाले. त्यांच्याशी ते ठरवून शुद्ध बोलत. "लोक अडाणी आहेत. मला कळलं तुमच्या मनात काय आहे. डोंगराला गोल फेरी. जिथून निघालो तिथं परत. याला काय म्हणतात?"

"वर्तुळाकार पदभ्रमण," बैसाणे आशेने म्हणाले.

"परिक्रमा," पाटील म्हणाले.

बैसाण्यांनी कप खाली ठेवला. आपल्या घरात असलं काही चालत नाही, लग्नात आपण आणि प्रज्ञाने बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आहेत, आणि टेकडीच्या मध्यभागी टेकडीशिवाय काही नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं.

"मी कुठं देवाचं नाव काढलं?" पाटील म्हणाले. "निसर्ग परिक्रमा. निसर्गाला कोणाची हरकत आहे? पर्यटन येईल, रस्ता येईल, लोकांच्या डोक्यातली मोजणी जाईल. गावात मोठा फलक लावू. संकल्पना, माननीय प्रशील बैसाणे. फोटोसकट."

बैसाण्यांनी घरी येऊन प्रज्ञाबाईंना सांगितलं की निसर्ग या शब्दापुढे परिक्रमा हा शब्द केवळ भौगोलिक अर्थाने आला आहे. प्रज्ञाबाई शाळेत मराठी शिकवायच्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की फोटो कोणता देणार आहात.

फोटोआधी परवानगी हवी होती. बाण लावायचे म्हणजे दगडावर चुना मारायचा, आणि दगड कोणाचे हा प्रश्न निघाला. बैसाणे एका कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी भिंतीवरच्या नकाशात बोडक्या शोधला. तो सापडेना. "इथे टेकडी दिसत नाही," साहेब म्हणाले. "गायरान आहे. गायरानावर चढायला परवानगी लागत नाही. बाण लावा."

"आणि पलीकडचा उतार?"

साहेबांनी नकाशाच्या कडेवर बोट नेलं. माथ्यापाशी नकाशा संपत होता. "तो वनाकडे. त्यांना विचारा."

बैसाणे दुसऱ्या कचेरीत गेले. तिथल्या माणसाने त्यांना बसवून घेतलं, आदराने ऐकून घेतलं आणि सांगितलं की जंगलात खुणा करणं गुन्हा आहे.

"तिथे जंगल नाही हो. निवडुंग आहे."

"आमच्याकडे ते जंगल आहे."

"मग लोकांनी उतरायचं कसं?"

"लोक वर का गेले होते, हे आम्हाला कळलं पाहिजे," तो माणूस म्हणाला. "चढायची परवानगी आम्ही दिलेली नाही."

अशा रीतीने बोडक्यावर चढायला सरकारची हरकत नव्हती आणि उतरायला मुभा नव्हती. बैसाण्यांनी खात्यात आयुष्य काढलेलं असल्यामुळे त्यांना यात विसंगत काही वाटलं नाही. चढणीवर चुन्याचे बाण मारायचे आणि उतरणीवर आपण स्वतः पुढे चालायचं, असं त्यांनी ठरवलं. संकल्पना ज्याची, त्याला वाट माहीत असणारच.

माघातली एक सकाळ ठरली. बैसाण्यांनी प्रभात मंडळाला मुद्दाम आमंत्रण दिलं. ललित वाणी आणि मंडळी एकसारख्या पांढऱ्या टोप्या घालून मिनीबसमधून उतरली. पाटलांनी भजनी मंडळ बोलावलं होतं, बँड बोलावला होता, आणि तालुक्याचे एक पुढारी परिक्रमेचा समारोप करायला येणार होते. व्यासपीठ बोडक्याकडे तोंड करून उभं केलं होतं, म्हणजे यात्री डोंगरावरून उतरताना थेट दिसावेत आणि पुढाऱ्यांच्या पाठीमागे फोटोत यावेत.

फलक खरंच मोठा होता. वर पुढारी, त्याखाली पाटील, त्यांच्या शेजारी थोड्या लहान इंदिराबाई. बैसाण्यांनी आपला फोटो शोधला. तो सगळ्यात खालच्या ओळीत, शुभेच्छुकांमध्ये, बँडचा मालक आणि पंचायतीचा शिपाई यांच्या मधे होता. खाली लिहिलं होतं, "प्रशांत बैसाणे". संकल्पना हा शब्द कुठेच नव्हता. वाणी सरांनी चष्मा सारखा करून फलक वाचला आणि मग आणखी एकदा वाचला, हे फार वाईट झालं.

"तुमच्यासारखाच दिसतो हा प्रशांत," प्रज्ञाबाई म्हणाल्या.

मिरवणूक निघाली. पुढे टाळ, मागे टोप्या, त्यामागे सोनझिऱ्याच्या बायका. पाटील व्यासपीठापाशी थांबले, कारण पुढारी कधीही येऊ शकत होते. बाण स्वच्छ होते, लोक बाणांमागून चढत होते, आणि बैसाण्यांचं मन अर्ध्या चढणीपर्यंत थोडं सावरलं. मग ते माथ्यावर पोचले.

माथ्यावर एक दगड होता. गुडघ्याएवढा, शेंदूर फासलेला, झेंडूची माळ घातलेला, आणि त्याच्यापुढे उदबत्त्या जळत होत्या. बायकांनी चपला काढल्या. टाळ जोरात वाजायला लागले.

"आबा," बैसाणे झुलाल आबांना म्हणाले, "हा कोणी ठेवला?"

"ठेवेल नही शे," आबा शांतपणे म्हणाले. "निंघेल शे."

"कधी?"

"काल."

"आणि शेंदूर?"

"तो बी संगेच निंघना."

आबांच्या चेहऱ्यावर लबाडी शोधूनही सापडली नाही. आपल्या बांधावर लावलेले आंबे वाया जाणार याचं दुःख तिथे आधी होतं, ते मात्र गेलं होतं. देवाच्या वाटेवरच्या जमिनीला काय भाव येतो हे आबांनी दुसऱ्या गावात पाहिलेलं होतं.

तेवढ्यात कोणीतरी बैसाण्यांच्या हातात नारळ दिला. "फोडा, भाऊसाहेब. मान तुमचा."

बैसाण्यांनी नारळाकडे पाहिलं. समोर प्रज्ञाबाई उभ्या होत्या, त्या त्यांच्याकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत थट्टा अजिबात नव्हती. हा दगड काल आणला आहे, हा रंग दुकानातला आहे, आणि मी इथे फक्त चालायला आलो होतो, असं सगळं त्यांना बोलायचं होतं. ते एकदम घशात आल्यामुळे त्यातलं काहीच बाहेर पडलं नाही. त्यांनी मान हलवली आणि नारळ शेजारच्या माणसाच्या हातात दिला. शेजारी वाणी सर होते. वाणी सर निवृत्त झाल्यापासून कोणत्याच गोष्टीचं उद्घाटन करायला न मिळाल्यामुळे व्याकुळ होते. त्यांनी एका फटक्यात नारळ फोडला.

बैसाणे वळले आणि चालायला लागले. ते रागाने चालत होते. नकाशा खिशात होता, तो त्यांनी काढला नाही. बोडक्याच्या माथ्यावरून दोन सोंडा उतरतात, एक वळून सोनझिऱ्याकडे येते आणि दुसरी सरळ पलीकडे जाते. रागावलेला माणूस सरळ जातो. बैसाणे निवडुंगातून, काट्यातून, एका ओहळातून ताडताड उतरत राहिले, आणि बाण संपलेले असल्यामुळे बाकीची सगळी माणसं त्यांच्यामागून उतरत राहिली.

"बैसाणे, हीच वाट ना?" वाणी सरांनी मागून विचारलं.

बैसाणे बोलले नाहीत.

"अहो बैसाणे, गाव डावीकडे राहिलं की काय?"

बैसाणे आता तर मुळीच बोलणार नव्हते. गाव डावीकडे राहिलं होतं हे त्यांच्याही लक्षात आलं होतं. पण मागे बघितलं असतं तर टोप्या दिसल्या असत्या.

"मौन शे त्यासनं," भजनी मंडळातला एकजण दुसऱ्याला म्हणाला, आणि ते पुढून मागपर्यंत पोचलं. टाळ हळू वाजायला लागले.

ओहळ संपला तेव्हा समोर शाळेचे चमकणारे पत्रे होते. डांगरखेडे. सोनझिरे आणि डांगरखेडे यांचं वाकडं होतं. मुख्य रस्त्यावर दोन्ही गावांना मिळून एकच फाटा आहे, आणि तिथल्या बसथांब्यावरच्या पाटीवर फक्त डांगरखेड्याचं नाव आहे, एवढ्या एका कारणावरून दोन गावांत सोयरिकी थांबलेल्या होत्या. आता सोनझिऱ्याचं अर्धं गाव टाळ वाजवत डांगरखेड्याच्या चौकात येऊन उभं राहिलं.

डांगरखेड्याची माणसं आधी काठ्या शोधायला गेली. मग त्यांनी पुढे चालणारा माणूस पाहिला. अंगाला काटे लागलेले, शर्ट फाटलेला, चेहरा लाल, आणि विचारलं तरी उत्तर देत नाही. काठ्या ठेवल्या गेल्या आणि पाण्याचे तांबे आले. बैसाण्यांचे पाय धुवायला एकजण वाकला तेव्हा त्यांनी पाय मागे घेतला. तो नम्रपणा समजला गेला. डोंगरावरचा देव उतरून आपल्याकडे आला, सोनझिऱ्याकडे नाही, हे समजल्यावर डांगरखेड्याने हात आखडता घेतला नाही. कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, ठेचा, आणि वर ताक. प्रभात मंडळाने साखर, रक्तदाब आणि शिस्त सगळं बाजूला ठेवून जेवण केलं आणि आता आपण पायी परत जाणार नाही असा ठराव केला.

"तुम्ही काहीतरी बोला," प्रज्ञाबाई बैसाण्यांना म्हणाल्या. "लोक भलतंच समजतायत."

"काय बोलू?" बैसाणे तोंड न हलवता म्हणाले. "रस्ता चुकलो म्हणून सांगू? वाण्यासमोर?"

प्रज्ञाबाईंनी भाकरीचा तुकडा मोडला. "नारळ फोडला नाहीत, ते बरं केलंत," त्या म्हणाल्या. "तेवढं एक."

परत जायला शेळ्या वाहून नेणारी एक गाडी मिळाली. भजनी मंडळ आणि प्रभात मंडळ तिच्या हौद्यात दाटीवाटीने उभं राहिलं. पांढऱ्या टोप्यांना शेळीचा वास लागला तो त्या मंडळाबरोबर बागेतही बरेच दिवस फिरला, असं म्हणतात. बायका मात्र डोंगरावरून चालत घरी गेल्या आणि गाडीच्या आधी पोचल्या, पण त्यांची वाट कोणी बघत नव्हतं.

सोनझिऱ्यात पुढारी आलेले होते. ते व्यासपीठावरून बोडक्याकडे हात करून "ते पाहा, ते पाहा" असं म्हणत होते. डोंगरावर काहीच दिसत नव्हतं. बँडवाले तोंडात तुतारी धरून डोंगराकडे बघत होते, फोटोग्राफर गुडघ्यावर बसून डोंगराकडे बघत होता, गाव डोंगराकडे बघत होतं. तेव्हा यात्रा गावाच्या मागच्या बाजूने, फाट्यावरच्या डांबरी रस्त्याने, शेळ्यांच्या गाडीत उभी राहून आली आणि व्यासपीठामागे येऊन थांबली. गाडीने हॉर्न दिला. पुढाऱ्यांनी वळून पाहिलं नाही, त्यांना वाटलं कोणी शेळ्या घेऊन आलं आहे.

पाटलांनी परिस्थिती सावरली. "परिक्रमा संपन्न झाली," असं त्यांनी माईकवरून जाहीर केलं आणि हार घालायला सुरुवात केली. बैसाण्यांपाशी आले तेव्हा ते कानाशी वाकले.

"भाऊसाहेब, डांगरखेड्याला कशाला नेलंत? आता ते अर्धा देव मागतील."

बैसाण्यांनी हार काढून पाटलांच्याच हातात दिला आणि प्रज्ञाबाईंचा हात धरून ते बसथांब्याकडे चालायला लागले. गावाने त्यांना वाट करून दिली.

त्यानंतर ते कित्येक महिने सोनझिऱ्याला गेले नाहीत. बागेत ते मुकाट्याने मंडळाबरोबर, मंडळाच्या दिशेने चालत. वाणी सर नव्या माणसाला ओळख करून देताना "हे आमचे मार्गदर्शक" असं म्हणत, तेव्हा बैसाणे बुटाची नाडी बांधायला वाकत.

दुसऱ्या वर्षी द्रौपदाबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून दोघं त्यांना भेटायला गेली. संध्याकाळच्या बसला वेळ होता. बैसाणे म्हणाले, सहज बघून येऊ. पायथ्याशी आता पत्र्याची कमान होती, कमानीखाली दुकानं होती, आणि लोक चपला हातात घेऊन चढत होते. डांगरखेड्याकडूनही एक वाट झाली होती आणि तिथे दुसरी कमान होती. माथ्यावर दोन दगड होते, असं कोणीतरी सांगितलं, एक या गावाचा आणि एक त्या.

कमानीपाशी नारळ विकणारी एक बाई बसली होती, ती या बाजूला गिऱ्हाईक जास्त म्हणून डांगरखेड्याहून यायची. शेजारी बसलेली बाई तिला झुंबरबाई म्हणत होती.

"पहिल्यांदाच येल शेतस का, भाऊ?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता सांगायला लागली. "एक बाबा ऊना व्हता धुळाकडथून. बोले नही. डोंगरवर गया, दगडकडे नुसतं दखं, न् दगड जागा झाया. मंग तो बाजूथून उतरना, आम्हना डांगरखेडाले जेवना, न् गायब झाया. मौनीबाबा."

बैसाण्यांच्या अंगाला पुन्हा निवडुंग टोचलं. "अहो बाई, असलं काही नव्हतं," ते म्हणाले. "तो दगड आदल्या दिवशी आणलेला होता. आणि बाबाबिबा कोणी नाही. तो माणूस मीच होतो."

झुंबरबाईने त्यांना डोक्यापासून बुटापर्यंत पाहिलं. ती हसली नाही, चिडलीही नाही.

"बाबा बोलेत नही, भाऊ," ती म्हणाली. "नारळ घेवाना शे का?"

आता मात्र बैसाणे गप्प झाले. सांगायचं ते सगळं सांगून झालं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ घट्ट मिटले, आणि ते समोर बघत उभे राहिले.

झुंबरबाई पुढचं गिऱ्हाईक बघायला वळली होती, ती पुन्हा मागे वळली. तिने त्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग ती हळूच उठली, पायातल्या चपला तिने बाजूला सारल्या आणि हात जोडून वाकली. शेजारची बाई कशाला म्हणून बघायला लागली आणि तीही उठली.

"बोला काहीतरी," प्रज्ञाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "लवकर बोला."

बैसाणे बोलणारच होते. पण कमानीकडे येणारी माणसं थांबायला लागली होती. त्यांत झुलाल आबांच्या भावकीतली काही माणसं होती, पाटलांच्या वाड्याकडची होती, आणि त्यांनीही चपला काढल्या होत्या. सोनझिऱ्यात बैसाण्यांपुढे असं कोणी कधी वाकलं नव्हतं.

ते आणखी थोडा वेळ गप्प उभे राहिले.